सेतू केंद्रावर नेटची रांग कशी लावायची? (विम्याचे फॉर्म पहिले की पोट्ट्याचा गेम)

सेतूवाली
नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात माझं सेतू केंद्र आहे, केंद्र म्हणजे घराचीच समोरची खोली. तालुक्याच्या टॉवरवरून डिशनं नेट येते, प्लॅन १५ एमबीपीएसचा, अपलोड मोजला तर २ च्या आसपास भरते. राउटर फ्रिजवर लोणच्याच्या बरणीजवळ, अन् त्याच वायफायवर अख्खं घर.

सकाळी दहापर्यंत काही त्रास नाही. त्यानंतर विम्याचा फॉर्म भरला, सातबारा अन् पासबुक स्कॅन करून जोडलं की चक्र फिरते फिरते अन् सेशन संपते. पुन्हा पहिल्यापासून. काल एका आजीचा अंगठा चारदा घ्यावा लागला, चौथ्यांदा म्हणे "बाई, अंगठाच ठिवून जाऊ का तुयापाशी?" बाहेर ओट्यावर पंधरा माणसं बसलेली, शेवटची तारीख जवळ आलेली, मला तर रडूच येत होतं.

राउटरमध्ये क्यूओएस नावाचं एक पान दिसलं, त्यात प्रत्येक मोबाईल-कॉम्प्युटरसमोर हाय, मीडियम, लो असं निवडता येते. केंद्राच्या कॉम्प्युटरला हाय अन् पोराच्या मोबाईलला लो करून टाकू का? तो दिवसभर गेम खेळते. सासऱ्यांचं यूट्यूबवर कीर्तन चालू राहते ते वेगळंच. कोणी असं केलं असेल तर सांगा.

कपाशीवाला
ताई प्लॅन वाढवा, विषय संपला. १५ मध्ये आजकाल काय होते.

डबल_ढोलकी
पोट्ट्याले डवरणीले पाठवा. त्याले म्हन्तात हाय प्रायॉरिटी 😄

सेतूवाली
@कपाशीवाला भाऊ, डिशवाल्याकडे यापेक्षा मोठा प्लॅन नाही. फायबरचं दोन वर्षापासून ऐकून राहिलो, ग्रामपंचायतीपर्यंत आला आहे, पण आमची गल्ली अजून बाकी आहे. @डबल_ढोलकी पाठवला असता पण पाऊसच उघडून नाही राहिला.

वायरमन_वाशिम
ताई, हाय-लो ला हात लावायच्या आधी एक काम करा. मी सहा वर्षं एका केबलवाल्याकडे लाइनवर होतो म्हणून सांगतो, लोक आधी औषध विचारतात, ताप मोजतच नाहीत.

कॉम्प्युटरवर काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडून पिंग चालू ठेवा, एक छोटा निरोप जाऊन उत्तर यायले किती मिलिसेकंद लागले ते त्यात दिसते. पहाटे घरात सगळे झोपले असताना आकडा पाहा. मग दुपारी गर्दीच्या वेळी पाहा. दोन्ही वेळा सारखाच असन तर रोग दुसरीकडे आहे. पहाटे ३०-४० अन् दुपारी ८००-९०० असन तर मग रांगेचा रोग आहे, प्लॅन वाढवून थोडे दिवस बरं वाटते अन् पुन्हा तेच. अन् हो, कॉम्प्युटर वायफायवर नका ठेवू, राउटरपासून वायर ओढा. वीस-पंचवीस फुटाची वायर काही महाग नाही.

सेतूवाली
पहाटे ३८. आज दुपारी १२ वाजता ११०० च्या वर, मधे मधे तर उत्तरच नाही. वायर लावली, तरी फरक नाही.

निवृत्त_मास्तर
वायरमन यांनी रोग बरोबर ओळखला. मी पॉलिटेक्निकला शिकवायचो, त्यामुळे थोडं लांबेल, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

तुमचा अपलोड २ एमबीपीएस. नेटवर सगळं लहान लहान तुकडे करून जातं, त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. साधारण एक पॅकेट १५०० बाइटचं. ते त्या लाइनवरून बाहेर पडायला ६ मिलिसेकंद लागतात. आता राउटरच्या किंवा डिशच्या पोटात एक साठवण असते, बफर, जास्तीची पॅकेटं तिथे थांबतात. समजा तो २५६ केबीचा आहे आणि भरला आहे. तुमच्या फॉर्मचं पॅकेट शेवटी जाऊन उभं राहिलं की त्याचा नंबर यायला एक सेकंद. तुमचे ११०० म्हणजे नेमकं हेच. मेमरी स्वस्त झाली तसे उपकरणांमधले बफर मोठे होत गेले, पॅकेट वाया जाऊ नये हा त्यामागचा चांगला हेतू, आणि त्यातून हा आजार आला. जिम गेटिस या अभियंत्याला २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरच्या नेटवर हेच दिसलं, त्यांनी त्याला बफरब्लोट म्हटलं. म्हणजे तट्ट फुगलेलं पोट.

मजा अशी की पाठवणाऱ्या कॉम्प्युटरला 'पुढे अडलंय' हे कळण्याची मुख्य खूण म्हणजे पॅकेट हरवणं. बफर एवढा मोठा की काही हरवतच नाही, नुसतं थांबतं. म्हणून तो आपला ओततच राहतो.

पुणेकर_पाहुणा
मूळचा पुसदचा, सध्या हिंजवडीत नेटवर्किंगमध्येच. मास्तरांना +१. पण मूळ प्रश्न प्राधान्याचा आहे तर त्याची शास्त्रशुद्ध पद्धत सांगतो. प्रत्येक आयपी पॅकेटच्या माथ्यावर ६ बिटांची एक जागा असते, डीएससीपी म्हणतात, म्हणजे ६४ प्रकारचे शिक्के मारता येतात. १९९८ मध्ये डिफसर्व्हचं, म्हणजे वर्ग पाडून सेवा देण्याचं, हे मानक आलं. आवाजाच्या कॉलला ४६ नंबरचा शिक्का मारतात, त्याला ईएफ म्हणतात. बॅकअपसारख्या रिकामटेकड्या कामांना ८. आमच्या ऑफिसात असे वर्ग पाडलेत, प्रत्येक नेटवर्क स्विचवर (कॉम्प्युटरच्या वायरी जोडायचा डबा) त्याच्या वेगळ्या रांगा. फोनवर बोलताना आवाज एका बाजूकडून दुसरीकडे १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा असा संकेत आहे, तो आम्ही आरामात पाळतो. ताईंनीही विम्याच्या साइटच्या ट्रॅफिकला वरचा शिक्का मारावा.

रिटायर_कंडक्टर
भाऊ तुमचं ते शिक्क्याचं वाचलं अन् यवतमाळ स्टँड आठवलं. यात्रेच्या दिवसात गाडी फलाटाले लागायच्या आधीच लोकं खिडकीतून रुमाल टाकत. सीट धरली म्हणत. आता रुमाल टाकला म्हणजे सीट झाली का? मी मानलं तर झाली. मले वाटलं तर रुमाल उचलून बाजूले ठेवला अन् पोटुशी बाईले बसवलं. तुमचा ४६ नंबरचा रुमाल त्या टॉवरवाल्या कंडक्टरनं मानला पाहिजे न.

पुणेकर_पाहुणा
🙏 काका, दहा वर्षं या धंद्यात आहे, इतकं सोपं करून मला कोणी सांगितलं नव्हतं. बरोबर आहे, आमच्या ऑफिसात सगळे स्विच आमचेच म्हणून रुमाल चालतो. बाहेरच्या इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी तो शिक्का पुसला जातो किंवा त्याच्याकडे कोणी बघत नाही. स्वतःच्या राउटरच्या दारापर्यंतच त्याचा उपयोग.

कृषीकेंद्र_मालक
हाय-मीडियम-लो वाल्यांसाठी माझी गोष्ट ऐका अन् मग काय करायचं ते करा.

मागच्या वर्षी दुकानात बिलिंगचं सॉफ्टवेअर अडकत होतं. पोरानं कुठं तरी वाचून राउटरमध्ये 'व्हिडिओ' या प्रकाराला सगळ्यात वर ठेवलं, कारण दुपारी कंपनीवाल्यांची व्हिडिओवर मिटिंग राहते. मिटिंग एकदम झकास चालली. दोन दिवसानं बिलिंग पूर्ण बंद. ईमेल बंद. पैसे घ्यायचं मशीन फिरून राहिलं. शोधता शोधता कळलं की गोडाऊनवर चार कॅमेरे लावलेले, ते रात्रंदिवस चित्र वर पाठवतात, अन् राउटरनं त्याइलेच 'व्हिडिओ' समजून मानाच्या पंगतीत बसवलं. म्हणजे खताच्या पोत्याइचं शूटिंग पहिले अन् गिऱ्हाइकाचं बिल उपाशी. पोतं काही हलत नाही बाप्पा, त्याचं काय पाहता रात्रभर!

निवृत्त_मास्तर
@कृषीकेंद्र_मालक याला आमच्या पुस्तकात उपासमार असाच शब्द आहे. कडक प्राधान्य दिलं की वरची रांग रिकामी झाल्याशिवाय खालच्याला घासच मिळत नाही. म्हणून वरच्या रांगेला नेहमी कमाल मर्यादा घालतात, एकूण लाइनीच्या अमुक टक्क्यांवर जायचं नाही.

हक्काचं_बोला
एक मिनिट. असा भेदभाव करणं सरकारनं बंद केलं होतं ना? नेट सगळ्यांना सारखं म्हणून केवढं आंदोलन झालं होतं, मी पण ट्रायला (दूरसंचारावर नियम घालणारी सरकारी संस्था) ईमेल पाठवला होता.

पुणेकर_पाहुणा
ते नेट पुरवणाऱ्यांसाठी. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा भाव लावायला बंदी केली, आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली. कंपनीने पैसे घेऊन एका साइटला पळवायचं आणि दुसरीला रखडवायचं नाही, एवढाच मुद्दा. ताईंच्या घरात कोणाला आधी नेट द्यायचं हे ताईंनी ठरवायचं, त्यात ट्राय येत नाही.

डबल_ढोलकी
ट्राय येत नाही पण सासू येते.

संत्राबाग_वरुड
अवांतर होईल पण डिश म्हटलं म्हणून लिहितो. आमच्याकडे पिंग असाच कधी ४० कधी ९००, मी राउटर बदलला, वायर बदलली, डिशवाल्याशी भांडलो. शेवटी दिसलं की टाकीवर वांदरं येतात, बागेतून निघून गावात जायचा त्याइचा रस्ताच तो, अन् डिशच्या पाइपावर एकजण रोज बसतो. त्याचं वजन पडलं की डिश दोन बोटं खाली. तो उठला की अर्धीच वर येते. पाइपाले दोन बाजूनं तार ओढून ताण दिला तेव्हा थांबलं. ताई एकदा टाकीवर चढून पाहा.

सेतूवाली
आमच्याकडे वांदरं नाही, पण सासरे टाकीवर धुऱ्यावरच्या तुरीच्या काड्या वाळत घालतात, ते काढायला लावते 😀

वायरमन_वाशिम
चला गाडी रुळावर घेतो. ताई, तुमच्या राउटरमधलं हाय-लो पान विसरा. त्या पानावर अपलोड-डाउनलोडचा आकडा भरायची जागा आहे का? नसन तर त्याचा काही उपयोग नाही. काहून ते सांगतो. रांग नेहमी अरुंद जागी लागते. तुमच्याकडं अरुंद जागा आहे डिश, राउटर नाही. राउटरपासून डिशपर्यंत १०० ची वायर मोकळी पडली आहे, तिथं रांगच लागत नाही, मग राउटर प्राधान्य कोणाले देईन? रांग लागते डिशच्या पोटात अन् तिथं तुमचा हुकूम चालत नाही.

म्हणून रांग ओढून आपल्या घरात आणायची. राउटरले सांगायचं की बावा तुयी लाइन २ ची नाही, १.७ ची आहे. जेवढा खरा वेग त्याच्या ८५-९० टक्के. डिशवाल्या लाइनीचा वेग कमी-जास्त होते, म्हणून दिवसातला सगळ्यात कमी आकडा धरायचा. थोडा वेग गेला, पण आता गर्दी तुमच्या राउटरमध्ये होईन अन् तिथं मालक तुम्ही.

कपाशीवाला
म्हणजे आधीच नेट कमी अन् त्यातलं आपणच अजून कापायचं? हे काही पटलं नाही भाऊ.

वायरमन_वाशिम
जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्या लागतात तेव्हा टोकन आतल्या ऑफिसात वाटलं तर रस्ता जाम होते का नाही? तेच टोकन गावात वाटलं तर? काटा तेवढाच, दिवसभरात माल तेवढाच.

कपाशीवाला
काटा कधीच तेवढा नसते, दुपारी जेवायची सुट्टी होते 😂 पण समजलं.

खटपट्या_ईई
वायरमन यांच्या पुढचं मी सांगतो, माझ्या घरी हेच चालू आहे. जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी नावाचं राउटरचं मोफत सॉफ्टवेअर टाकायचं (आधी तुमचं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का पाहा, नसेल तर उगाच राउटरची वीट होईल). त्यात एसक्यूएम नावाचं रांग सांभाळायचं पॅकेज. फक्त अपलोड, डाउनलोडचे आकडे भरायचे आणि यादीतून केक किंवा एफक्यू-कोडेल यातली एक रांगेची पद्धत निवडायची. १५ एमबीपीएसला कुठलाही जुना राउटर पुरतो. मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर त्याच्या सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीपासून त्यातही हे दोन्ही आहेत.

यात कोणाला हाय-लो द्यायचंच नाही ही खरी गंमत. हा प्रत्येक संभाषणाची वेगळी रांग करतो आणि सगळ्या रांगांतून आळीपाळीने थोडं थोडं सोडतो. नवीन आलेला, थोडंसंच काम असलेला पहिले सुटतो. ट्रॅक्टरभर कापूस आणलेला आणि सायकलवर एक पोतं आणलेला, तर पोतेवाल्याला थांबवत नाही. फॉर्मचं बटण, अंगठ्याचं उत्तर, पिंग, गेम हे सगळे पोतेवाले. बॅकअप, अपडेट हे ट्रॅक्टर. आणि एखाद्या रांगेत पॅकेट ५ मिलिसेकंदांहून जास्त थांबायला लागलं आणि १०० मिलिसेकंद तसंच चाललं की तो त्या रांगेतलं एखादं पॅकेट मुद्दाम टाकून देतो.

हक्काचं_बोला
टाकून देतो?? म्हणजे ताईंच्या फॉर्मचा तुकडाच गायब? उद्या शेतकऱ्याचा विमा नाकारला तर?

निवृत्त_मास्तर
गायब होत नाही, ते पॅकेट पुन्हा पाठवलं जातं, त्याची हमी टीसीपी, म्हणजे दोन कॉम्प्युटरमधला पोच घेण्या-देण्याचा नियम, घेतो. टाकून देणं ही पाठवणाऱ्याला दिलेली सूचना आहे, जरा हळू. मी वर म्हटलं ना, मोठ्या बफरने ही सूचनाच दाबून टाकली होती.

ही हळू व्हायची रीत कुठून आली तेही सांगून टाकतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातल्या जोडणीचा वेग ३२ हजार बिट प्रति सेकंदावरून ४० वर आला. हजार नाही, नुसते ४०. अंतर किती, तर ४०० यार्ड, कागद हातात घेऊन चालत गेलं तरी लवकर पोचेल! उत्तर आलं नाही की जो तो तेच पॅकेट पुन्हा पाठवत होता आणि गर्दीत आणखी भर घालत होता. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर १९८८ मध्ये उपाय मांडला, अडलं की मागे सरायचं. आणि वर खटपट्या म्हणतात तो ५ मिलिसेकंदांवाला कोडेल, तो कॅथलीन निकोल्स आणि याच जेकबसन यांचा, २०१२ चा.

डबल_ढोलकी
पुन्हा पुन्हा तेच पाठवून गर्दी वाढवायची... ताई, सेशन संपलं की तुमी रिफ्रेश किती वेळा मारता?

सेतूवाली
...सात-आठ वेळा 🙈

पुणेकर_पाहुणा
डाउनलोडला पण लावा ताई. आलेला माल आपण दारात कसा अडवणार असं वाटतं, पण आपण हळू घेतला की पलीकडचा पाठवणाराही हळू होतो. आणि वायफायच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूएमएम (वायफायचं स्वतःचं प्राधान्य) दिसलं तर ते बंद करू नका, काही व्हिडिओत बंद करा सांगतात, त्याने नवीन वायफायचा वेग जुन्या ५४ एमबीपीएसवर येतो.

एक_सेतूचालक_मेहकर
मी पण याच धंद्यात. एवढं सगळं करायच्या आधी स्कॅन केवढ्याचा काढता ते सांगा. आमचा पोरगा रंगीत, ६०० डीपीआयवर काढायचा, एक सातबारा ५ एमबीचा. करड्या रंगात १५० वर काढला तर २०० केबीच्या आत बसतो अन् अक्षर चांगलं वाचता येते.

खटपट्या_ईई
👆 हा प्रतिसाद सगळ्यात वर पाहिजे होता. ५ एमबी म्हणजे ४० मेगाबिट, २ च्या लाइनीवर दुसरं कोणी नसलं तरी २० सेकंद. २०० केबी म्हणजे एक सेकंदही नाही.

सेतूवाली
आमचा ३०० वर अन् रंगीत होता. आजच बदलला. राउटर भाचा यवतमाळवरून जुना आणून देतो म्हणाला. सगळ्यांना धन्यवाद, करून पाहते अन् सांगते.

संत्राबाग_वरुड
वाचनखूण साठवली.

सेतूवाली (नऊ दिवसांनी)
मंडळी उशीर झाला, केंद्रावर मान वर करायला वेळ नव्हता.

भाच्यानं राउटर आणला, ते सॉफ्टवेअर टाकून आणलं होतं, आकडे आम्ही दोघांनी बसून भरले. दिवसभर दर दोन तासांनी वेग मोजला, सगळ्यात कमी अपलोड १.८ आला, म्हणून १६०० केबीपीएस टाकले, डाउनलोड १२ टाकला. केक निवडला. भर दुपारी पिंग पाहिला, ५०-६०, कधी ८०. अंगठा पहिल्याच वेळी लागून राहिला. संध्याकाळी विम्याच्या साइटचाच दम निघते तेव्हा मात्र काही करता येत नाही, तिकडची रांग आपल्या हाती नाही. पण तेवढं सोडून मी एका दिवसात ६० च्या वर फॉर्म काढले.

आता खरी गोष्ट. नवीन राउटरमध्ये कोणता मोबाईल किती वर पाठवते ते दिसते. भाचा म्हणे मामी, या एका मोबाईलनं तीन दिवसात ९ जीबी वर पाठवले. मी म्हटलं बोलाव त्या पोट्ट्याला. तर पोट्ट्याचा गेम म्हणे दिवसभरात काहीच खात नाही, ट्रॅक्टर नाहीच तो. सासऱ्यांचं कीर्तन खाली येते, वर काही जात नाही. तो मोबाईल माझा निघाला. मे महिन्यात पुतणीचं लग्न झालं, त्याचे फोटो-व्हिडिओ सगळ्यांनी मलाच पाठवले, अन् फोटोचा बॅकअप चालू. रात्री मी मोबाईल बंद करून ठेवते, सकाळी दहाला केंद्र उघडलं की कॉम्प्युटरजवळच चार्जिंगला लावते अन् त्याच घटकेपासून हळदीपासून वरात वर जाणं सुरू.

रिटायर_कंडक्टर
म्हणजे गाडीत सगळ्यात मोठं बोचकं कंडक्टरचंच होतं 😂😂

कपाशीवाला
अन् आम्ही इथं पोराले डवरणीले पाठवून राहिलो होतो. ताई त्याले काहीतरी खाऊ द्या.

सेतूवाली
त्याला सांगितलंच नाही भाऊ. तो आपला खुश आहे, म्हणते गेम पहिलेपेक्षा मस्त चालून राहिला, आई तू माझ्यासाठी नवा राउटर आणला का?